मी लावली तेव्हा सरळ होती

३ ऑक्टोबर, रविवार

ही गेली. लेकीला मुलगी झाली. आता तीन-चार आठवडे तरी मुक्काम तिकडेच. स्टेशनला मी सोडतो म्हणालो, तर म्हणाली टॅक्सी सांगितलीये, तुम्ही उगीच दगदग करू नका. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "आणि अहो, गाडी फार काढू नका."

काय बोलावं! मोटार इन्शुरन्सच्या क्लेम विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगते. डेंटचा नुसता फोटो बघून चूक कोणाची ते मी सांगतो. अख्खं ऑफिस माझ्यापुढे हात टेकतं.

या महिन्याचे संकल्प: रोज सकाळी चालायला जाणे, आणि सोसायटीच्या पार्किंगला शिस्त लावणे. दुसऱ्याच्या गाडीचाही मान राखायचा असतो, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला माहीतच नाही. पिवळे पट्टे रंगवलेत ते बहुधा शोभेसाठी. सेक्रेटरींच्या गाडीची शेपूट कायम बाहेर. पहिल्या मजल्यावरचा फोटोग्राफर दोन जागांच्या मध्ये गाडी सोडून निघून जातो. आणि माझी सात नंबरची जागा बघा. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला सहा नंबर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरची लाल छोटी गाडी. बिल्डिंगमधली सगळ्यात अवघड जागा. तरी गाडी घेतल्यापासून रोज सकाळी बघावं तर पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध. कधी कधी ऑफिसला निघताना मी दोन मिनिटं नुसता बघत उभा राहतो.

सेक्रेटरींना सांगितलं की पार्किंगची नियमावली लिहायला घेतोय. ते म्हणाले, "बरं. वहिनी कधी येणारेत?"

४ ऑक्टोबर

चालायला गेलो नाही. अंगाला आधी कल्पना द्यावी लागते.

नियमावलीचा पहिला नियम झाला: 'गाडी लावून झाल्यावर एकदा मागे वळून पाहावे.' छान उतरलाय.

५ ऑक्टोबर

सकाळी वॉचमनने अडवलं. म्हणाला, "साहेब, गाडी सहा नंबरात गेलीये. सिस्टर पलीकडच्या दाराने आत शिरल्या, गिअरवरून उडी मारून."

जाऊन पाहिलं. खरंच. मागचं चाक पट्ट्यावर, शेपूट सिस्टरच्या जागेत. पण मी लावली तेव्हा सरळ होती. मला पक्कं आठवतंय. उतरलो तेव्हा मनाला एक समाधान होतं.

कोणीतरी हलवली आहे.

६ ऑक्टोबर

पुन्हा. आज नाक खांबाकडे आणि शेपूट सिस्टरकडे. संशय सेक्रेटरींवर. नियमावलीची बातमी लागल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला आहे. किल्लीशिवाय गाडी कशी हलवली, हा प्रश्न उरतो. पण गाडी हलकी आहे, चार माणसं मिळून उचलू शकतात. असा एक क्लेम माझ्याकडे आला होता. मी नामंजूर केला होता, ते सोडा.

७ ऑक्टोबर

चालणं नाही. डोकं तपासात गुंतलंय.

संध्याकाळी गाडी लावली आणि चारही टायरांभोवती खडूने रेघा मारल्या. आता बघतोच.

८ ऑक्टोबर

गाडी सकाळी वाकडी. टायर मात्र खडूच्या रेघांवर तंतोतंत.

म्हणजे गाडी हलवून रेघा पुसून नव्याने काढल्या! रेघा हुबेहूब माझ्यासारख्या. समोरचा माणूस साधा नाही.

सेक्रेटरींकडे सीसीटीव्ही फुटेजची मागणी केली. म्हणाले, जाऊ द्या ना. मी म्हणालो, जाऊ दिलं म्हणूनच आपला समाज इथे आलाय.

९ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी

फुटेज पाहिलं. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये. मी, ते आणि वॉचमन.

आधी या आठवड्याचं. गाडी येते. मी उतरतो. गाडी वाकडी. सकाळपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. मी म्हणालो, कॅमेरा तिरका बसवलाय. गेल्या महिन्याचं लावा, म्हणजे सरळ गाडी या कॅमेऱ्यात कशी दिसते ते कळेल.

सेक्रेटरी म्हणाले, राहू द्या हो. वॉचमन म्हणाला, साहेब, चहा सांगू का? मी म्हणालो, लावा.

लावलं. गाडी येते. मी उतरतो. गाडी वाकडी. मी जातो. थोड्या वेळाने लिफ्टमधून ही बाहेर येते. पायात घरातल्या चपला, हातात कचऱ्याची पिशवी. पिशवी कोपऱ्यातल्या डब्यात टाकते. गाडीत बसते, गाडी बाहेर काढते, आणि एका दमात आत घालते. मधोमध. उतरते, पदराने आरसा पुसते, वर जाते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एके दिवशी सिस्टर आपल्या गाडीत बसून वाट बघतेय. ही येते, गाडी सरळ करते, मग दोघी काहीतरी बोलतात आणि हसतात.

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नाही, पाण्याची टाकी आहे. वॉचमन म्हणाला, "आम्हाला वाटायचं तुम्हीच पाठवता वहिनींना."

मी म्हणालो, "हो, मीच पाठवतो."

९ ऑक्टोबर, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. मूळ पार्किंग माझंच आहे. ही फक्त फिनिशिंग करते. घराला रंग देणाऱ्याने घर बांधलं असं कोणी म्हणत नाही.

१० ऑक्टोबर

हिला फोन. पहिल्यांदा म्हणाली, बाळाला आंघोळ घालतेय, मग करते. मग केलाच नाही. मीच पुन्हा केला.

विचारलं, कधीपासून चाललंय हे? म्हणाली, "गाडी घेतल्यापासून. त्यात काय एवढं? कचरा टाकायला जायचंच असतं खाली."

मी म्हणालो, मला सांगितलं का नाहीस? तेवढ्यात तिकडे बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला. बाळ फार सोयीने रडतं.

लग्नाआधी ही वडिलांच्या बेकरीची व्हॅन चालवायची, हे मी विसरलोच होतो. पण बेकरीच्या व्हॅनला काय लागतं? पाव आपटला तरी पोचा येत नाही.

नवा संकल्प: ही परत येईपर्यंत गाडी अशी लावायला शिकायची, की हिला फक्त कचरा टाकून वर यावं लागेल. नियमावली तूर्त बाजूला.

११ ऑक्टोबर

ऑफिस. पहिलीच फाईल: बेसमेंटमध्ये गाडी मागे घेताना खांबाला धडक. अशा फाईलवर मी आजवर एकच शेरा मारत आलोय, 'खांब हलत नाही. चालकाचा निष्काळजीपणा.' हा शेरा ऑफिसात गाजलेला आहे.

आज फोटो बराच वेळ बघत बसलो. नीट पाहिलं तर काही खांब पुढे आल्यासारखे वाटतात. मंजूर केला. मग आणखी तसेच दोन निघाले, तेही केले. साहेबांनी बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना? वहिनी घरी नाहीत का?

१३ ऑक्टोबर

सुट्टी टाकून सराव. वॉचमनच्या दोन बादल्या मागून घेतल्या. एक खांबाच्या जागी, एक सिस्टरच्या गाडीच्या जागी. मोबाईलवर एक व्हिडिओ लावून ठेवला. त्यातला माणूस सारखा म्हणतो, आरशात बघा, आरशात बघा. आरशात मला फक्त वॉचमन दिसत होता, कपाळाला हात लावलेला.

पहिली बादली गेली. दुसरी मुळातच जरा पुढे ठेवलेली होती.

संध्याकाळी नव्या बादल्या आणून दिल्या. आधीच्यापेक्षा चांगल्या आहेत. त्याचा तोटा झालेला नाही.

१५ ऑक्टोबर

खांबाला लागली. मागचा बंपर उजवीकडून आत गेला आणि खांबाचा पिवळा रंग गाडीवर आला. मी उतरून सवयीने चार बाजूंनी फोटो काढले. क्लेम टाकता येईल, पण फाईल फिरून माझ्याच टेबलावर येणार. आणि मी तिच्यावर काय लिहू?

चालायला गेलो नाही. खाली उतरावंसंच वाटत नाही.

१७ ऑक्टोबर

खांबाची धास्ती बसलीये. आता गाडी खांबापासून भरपूर लांब ठेवतो. मोकळं वाटतं. आजचं पार्किंग एकंदरीत आत्मविश्वासपूर्ण.

१८ ऑक्टोबर, सोमवार

वाईट झालं.

सकाळी सिस्टरची ड्युटी होती. माझी गाडी तिच्या गाडीच्या तोंडासमोर आडवी. पूर्ण आडवी नाही, पण तिला निघता येईना. वर येऊन तिने बेल वाजवली, दार ठोकलं, फोन केला. मी कानात कापूस घालून झोपतो, फोन सायलेंट. शेवटी ती रस्त्यावर जाऊन टॅक्सी शोधत उभी राहिली. पोहोचायला उशीर झाला. रात्रभर वॉर्ड सांभाळलेली दुसरी सिस्टर तेवढा वेळ अडकून पडली, आणि तिचं पोर घरी तापाने फणफणलेलं. हे सगळं मला वॉचमनने सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

संध्याकाळी मी पार्किंगमध्ये तिची वाट बघत थांबलो. टॅक्सीतून उतरली. मी मुद्दे काढून ठेवले होते. म्हणालो, एक तर आमची बेल फार हळू वाजते, आणि दुसरं म्हणजे तुझी गाडी लहान आहे, तू थोडी भिंतीकडे सरकवून लावलीस तर दोघांची सोय होईल.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "काका, मला तुमच्यावर ओरडायचं होतं. दिवसभर ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. आता ताकद नाहीये. माझी गाडी निघेल एवढी जागा सोडा. बास."

मग जाता जाता वळून म्हणाली, "काकू कधी येणारेत?"

चिडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

अंडी उकडली होती. तशीच आहेत.

१९ ऑक्टोबर

वॉचमन म्हणाला, साहेब, वहिनी येईपर्यंत गाडी राहू द्या घरीच, बसने जा ना. मी त्याला समजावलं की प्रश्न बसचा नाही. गाडी जागची हलली नाही तर ती बातमी सेक्रेटरींच्या बायकोमार्फत हिच्यापर्यंत पोचणार, आणि मग 'गाडी फार काढू नका' हे वाक्य आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसणार.

उपाय काढला आहे. सिस्टरला त्रास होऊ नये म्हणून गाडी आत लावायचीच नाही. बाहेर रस्त्यावर लावायची. दुसऱ्याच्या गाडीचा मान राखणं म्हणतात ते हेच.

२० ऑक्टोबर

रस्त्यावर जागा नाही. औषधांच्या दुकानापुढे लावली तर दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला. म्हणाला, तुमच्या मागच्या चाकाखाली माझी पायरी आहे. दवाखान्यापुढे 'येथे लावू नये'. शाळेपुढे 'येथे लावू नये'. एका बंगल्यापुढे नुसता कुत्र्याचा फोटो. लोकांनी साध्या माणसाला गाडी टेकवायला जागाच ठेवलेली नाही.

शेवटी लांब, मैदानाच्या कडेला ठेवली आणि चालत घरी आलो. चालणं झालं. संकल्प एक पूर्ण.

२१ ऑक्टोबर

मैदानाच्या कडेला आज ट्रक. आमच्या गल्लीभोवती फेऱ्या मारत राहिलो. फाटकापाशी यायचो, आत बघायचो. आत सेक्रेटरी कोणाशी तरी बोलत उभे, फोटोग्राफर गाडी धुतोय, जिन्यात दोघीतिघी. एवढ्या लोकांसमोर नको. की पुन्हा फेरी. औषधवाला दुकानातून हात जोडायला लागला. पावाची लादी घेतली होती, ती सिग्नलला थांबलो की थोडी थोडी खाल्ली.

पेट्रोलचा दिवा लागला तेव्हा फाटकाबाहेरच कडेला थांबलो. इंजिन चालू. इथून वरची आमची खिडकी दिसते. अंधार. ही असती तर लाईट लागलेला असता, आणि मी आत्तापर्यंत वर जाऊन हातपाय धुतले असते. किती सोपं होतं सगळं. गाडी आत घालायची, उतरायचं, वर जायचं. आठ महिने मी या बिल्डिंगमधला सगळ्यात चांगला पार्किंग करणारा माणूस होतो. ऑफिसात बढती नाही, पोहता येत नाही, स्वयंपाकात अंडं. एवढं एकच होतं जे आपल्याला जमतं असं वाटायचं.

डोळ्यांतून पाणी आलं. एसीचा झोत थेट तोंडावर होता.

वॉचमन येऊन काचेवर टकटक करून म्हणाला, "साहेब, मी लावू का आत?"

मी विचारलं, तुला येते का गाडी?

म्हणाला, "नाही."

तरी विचारलं त्याने. मग त्याने लोकांना काहीबाही सांगून आत पिटाळलं, आणि मी गाडी आत घेतली. वाकडी. पण सिस्टरचा रस्ता मोकळा होता. त्याने खाली वाकून दोनदा बघितलं.

२४ ऑक्टोबर, रविवार

लागली!

दुपारी पार्किंग पूर्ण रिकामं. लोक आपापल्या गाड्या घेऊन कुठे कुठे गेलेले. मी शांत डोक्याने, आरशात बघत, मागे घेतली. थांबलो. उतरलो. दोन्ही बाजूंना सारखी जागा! वितीने मोजली. चारही चाकं पट्ट्यांच्या आत. खांब तर कुठल्या कुठे राहिलेला.

चार बाजूंनी फोटो. हिला पाठवले. खाली लिहिलं, 'बघ.' लेकीलाही पाठवले. साहेबांनाही.

हिचं उत्तर आलं: 'छान लागलीये. पण मागे भिंतीवर सहा आकडा दिसतोय. ती सिस्टरची जागा ना?'

भिंतीकडे पाहिलं. सहा.

खांब लांब का वाटत होता ते कळलं.

काढायला किल्ली हातात घेतली. पण काढवेना. आता काढली तर पुन्हा आयुष्यात अशी लागेल याची काय खात्री? वॉचमनचं स्टूल घेऊन गाडीशेजारी बसून राहिलो. तेवढ्यात सिस्टर ड्युटीवरून आली. आपल्या जागेत माझी गाडी बघून तिने काच खाली केली. मीच उठून गेलो. या वेळी मुद्दे नव्हते. म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशीचं माझं चुकलं. आणि आता ही चुकून तुझ्या जागेत लागलीये. पण सरळ लागलीये गं. आजच्या दिवस राहू देशील?"

तिने माझ्या गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सात नंबरात, खांबाला खेटून, पहिल्या झटक्यात आपली गाडी घातली. उतरून म्हणाली, "काका, माझी गाडी लहान आहे. मला खांब चालतो. तुम्ही सहा नंबरच वापरा इथून पुढे."

म्हणजे माझं म्हणणं शेवटी तिला पटलं. गाडी लहान आहे, हे मी आधीच सांगितलं होतं.

२६ ऑक्टोबर

सहा नंबरला भिंत आहे, हे लक्षात घेतलं नव्हतं. भिंतीचा एक वेगळा प्रश्न आहे. डावा आरसा गेला.

३१ ऑक्टोबर, रविवार

ही आली.

स्टेशनवर घ्यायला मी येतो, हे मी ठामपणे सांगितलं होतं. टॅक्सीने येते म्हणत होती, ऐकलं नाही. वेळेच्या बराच आधी पोहोचलो. स्टेशनच्या पार्किंगमध्ये एक जागा होती, पण दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये. दुसऱ्याच्या गाडीला उगीच धोका कशाला? म्हणून फेऱ्या मारत राहिलो. ही बाहेर येऊन बॅगांशेजारी उभी. मी तिच्यासमोरून गेलो, हात केला. पुढच्या फेरीत काच खाली करून सांगितलं, आलोच. त्याच्या पुढच्या फेरीत तिने बॅगा उचलल्या, रस्त्यात आली, आणि गाडी हळू झाली तशी मागचं दार उघडून बॅगा आत टाकल्या आणि पुढे येऊन बसली. बेकरीच्या व्हॅनची सवय.

तुटलेला आरसा पाहिला. बाळाचे फोटो दाखवले. नाक माझ्यासारखं आहे.

सिग्नलला मी विचारलंच. म्हणालो, आठ महिने का नाही सांगितलंस?

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात सांगणार होते. पण तुम्ही गाडी लावून वर यायचात ना, तेव्हा जिन्यात शिट्टी वाजवत यायचात. इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. म्हटलं, राहू दे. आपण जाऊ खाली."

मी शिट्टी वाजवतो हे मला माहीत नव्हतं.

हिरवा दिवा लागला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मला गिअर सापडेना.

फाटकातून आत आलो. सहा नंबरसमोर गाडी थांबवली आणि मी उतरलो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच उतरलो. आज दमलो होतो आणि मागे उभं राहून कोणीतरी बघायला हवंच असतं. किल्ली गाडीलाच होती. ही पलीकडून येऊन बसली. मी भिंतीपाशी जाऊन दोन्ही हातांनी खुणा करायला लागलो. येऊ दे, येऊ दे, अजून, डावीकडे, बास. माझ्या मार्गदर्शनाखाली गाडी अगदी व्यवस्थित येत होती.

वॉचमन आला आणि म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा. वहिनींना मागचं दिसत नाहीये."

झालो.